टाळगावची वाट : हरवलेल्या वाचनाकडे

देहू सोडल्यावर आळंदीला पोहोचेपर्यंत इंद्रायणी ज्या गावांच्या कडेने वाहते, त्यांपैकी एक चिखली. आज तिचा पत्ता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. १९९७ च्या हद्दवाढीत आसपासच्या गावांसह चिखलीही शहरात आली. आपण तळवड्याच्या बाजूने या किंवा स्पाइन रस्त्याने या. आधी दिसतात त्या लघुउद्योगांच्या शेड, सुटे भाग वाहून नेणारे टेम्पो, घरकुलाच्या उंच इमारती आणि पाळी सुटल्यावर चहाच्या टपऱ्यांभोवती जमणारे कामगार. मात्र जुन्या रहिवाशांना गावाचे नाव विचारले, तर ते नुसते ‘चिखली’ म्हणत नाहीत. ‘टाळगाव चिखली’ म्हणतात.

तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ या गावी पडले, अशी येथील श्रद्धा आहे. महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांच्या परंपरागत यादीत मल्हारपंत कुलकर्णी चिखलीकर हे नावही येते. महानगरपालिकेने उभारलेले जगद्गुरू संत तुकाराम महाराज संतपीठ याच गावात आहे. तेथे मुले शालेय विषयांच्या जोडीने संतसाहित्य, गायन आणि पखवाज शिकतात. कारखान्यांच्या भोंग्यांमध्ये वसलेल्या या गावाच्या नावात अजून टाळ वाजतो आहे.

आरोग्याच्या पाक्षिकातून आपल्याला या गावी नेण्याचे कारण काय, असे आपण विचाराल. कारण आहे घरोघरी ऐकू येणारे एक वाक्य : ‘आता वाचावेसेच वाटत नाही.’ टाळकरी जे काम करतो, त्या कामात या दुखण्यावरचा एक जुना आणि सोपा उपाय दडलेला आहे.

न उघडलेले वर्तमानपत्र

भोसरीची औद्योगिक वसाहत साठच्या दशकात उभी राहिली. त्या आणि नंतरच्या दशकांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातून जी पिढी या पट्ट्यात आली, ती आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे. कंपनीच्या बसमध्ये घडी घातलेले वर्तमानपत्र वाचणारी, जेवणाच्या सुट्टीत युनियनचे पत्रक हातोहात फिरवणारी, दिवाळी अंक वर्गणी काढून आणणारी ही पिढी. तिच्या घरातल्या बायकांनी दुपारच्या निवांत तासाभरात ग्रंथालयातल्या कादंबऱ्या संपवल्या, श्रावणात पोथ्या वाचल्या.

अशा एखाद्या घरात आज वर्तमानपत्र दाराशी येते, टेबलावर ठेवले जाते आणि संध्याकाळी न उघडताच रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. मुले म्हणतात, ‘बाबांचे आता वय झाले.’ बाबाही तसेच म्हणतात. वय हे उत्तर सोयीचे असते, कारण त्यापुढे प्रश्न उरत नाही. परंतु वाचनाची इच्छा केवळ वय वाढल्याने जात नाही. ती कोणीतरी हळूच काढून घेतलेली असते, आणि ते ‘कोणीतरी’ शोधता येते.

इच्छा कोणी नेली?

पहिला संशय डोळ्यांवर घ्यावा. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. त्यात आपली देवनागरी लिपी शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार घेते, खाली उकार घेते. अंधूक उजेडात, बारीक छपाईत ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांत मिसळतात. जोडाक्षरांच्या तर नुसत्या गाठी दिसतात. मग प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्द अंदाजाने ओळखावे लागतात. अंदाज करून मन थकते, आणि थकलेले मन म्हणते, ‘कंटाळा आला.’ प्रत्यक्षात तो कंटाळा नसतो. ते अतिश्रम असतात.

मोतीबिंदूने हेच होते. शस्त्रक्रियेत बहुधा दूरचे स्पष्ट दिसेल असे भिंग बसवतात. म्हणून ‘ऑपरेशन झाले, आता चष्म्याची गरज नाही’ असे समजून जवळचा चष्मा न करणारे अनेक जण वाचनाला मुकतात. पडद्याचा मध्यबिंदू झिजला, तर माणसाला खोली दिसते, दार दिसते, पण ज्या शब्दाकडे रोखून पाहावे तोच पुसट होतो. काचबिंदू कडेची नजर गुपचूप नेतो. मधुमेह असेल तर नजर चांगली वाटत असली, तरी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला हवा.

दुसरा संशय मनावर. जोडीदार गेल्यानंतर पुस्तक हाती घेणे नकोसे होते; हे दुःख स्वाभाविक आहे आणि त्याला त्याचा वेळ द्यावा. परंतु जेवण, गप्पा, नातवंडे, भजन या सगळ्यांचीच गोडी गेली, झोप बिघडली आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्यावर उतारवयातही उपचार होतात आणि त्यांचा गुण येतो.

तिसरा संशय स्मृतीवर आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्यावर. परिच्छेदाच्या शेवटी येताना आरंभ विसरला जातो, पात्रांची नावे हातून निसटतात, तेव्हा माणूस लाजेने पुस्तक मिटतो आणि ‘आवडले नाही’ असे सांगतो. पक्षाघातानंतर काहींना पानाची डावी बाजू जाणवतच नाही. ओळीचा आरंभच वाचला गेला नाही, तर अर्थ कसा लागणार? थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, झोपेची किंवा सर्दीची काही औषधे यांनीही गुंगी येते, लक्ष लागत नाही. अशी शंका आली, तर औषध परस्पर बंद न करता सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात.

घरच्या घरी एक साधी कसोटी करून पाहता येते. पूर्वी आवडणारा मजकूर त्यांना आपण वाचून दाखवा. ते रमले, मधेच हसले, एखादा प्रश्न विचारला, तर इच्छा जिवंत आहे आणि अडचण बहुधा डोळ्यांत किंवा उजेडात आहे. ऐकूनही मन लागत नसेल, तर आधी कानांची, मग मनाची आणि स्मृतीची चौकशी करावी. ही कसोटी रोगनिदान करत नाही. कोणत्या डॉक्टरांचे दार आधी ठोठवावे, एवढे तिने कळते.

मात्र काही लक्षणांत वाट पाहू नये. एकाएकी दिसेनासे झाले, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काल वाचता येणारी अक्षरे आज अचानक ओळखू येईनाशी झाली, बोलणे अडखळले, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा पडला, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तुकोबांनी काय केले

आता पुन्हा इंद्रायणीकाठी येऊ. तुकाराम महाराजांना आपण वाणीचा महासागर म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्यात असा एक काळ होता, की कशातच अर्थ वाटू नये. आईवडील गेले होते. इ.स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. लोकांसमोर तोंड दाखवणे त्यांना नकोसे झाले.

त्यानंतर काय घडले, हे त्यांनी आपल्या आत्मपर अभंगात सांगितले आहे, आणि तो क्रम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. प्रथम त्यांनी हातांना काम दिले : मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त केले. मग एक दिवस ठरवला : एकादशीला कीर्तन करायचे. आरंभी चित्त अभ्यासात नव्हते, हे ते स्वतःच सांगतात. तेव्हा त्यांनी आधीच्या संतांची काही वचने आदराने पाठ केली. काही, सगळी नव्हे. आणि पुढे जे गात होते, त्यांच्या मागे राहून त्यांनी धृपद धरले.

हे शेवटचे वाक्य सावकाश वाचावे. ज्यांच्या अभंगांवर पुढे महाराष्ट्राची पिढ्यान् पिढ्यांची संध्याकाळ उभी राहिली, त्यांनी आरंभ केला तो दुसऱ्याच्या आवाजामागे उभे राहून. मन लागत नाही म्हणून ते मन लागण्याची वाट पाहत बसले नाहीत, आणि मनावर जबरदस्तीही केली नाही. हातांना काम, ठरलेला दिवस, थोडेसे पाठांतर आणि पुढच्याचा आवाज या चार आधारांवर त्यांनी चित्त हळूहळू परत आणले.

टाळकऱ्याचे कामही हेच असते. कीर्तनकार पुढे चालवतो, टाळकरी मागे धरतो. त्याला सगळा अभंग आठवत नसला, तरी चालते. एक ओळ निसटली, तर पुढच्या ओळीला तो पुन्हा येऊन मिळतो. मागे राहिला म्हणून त्याला कोणी उठवत नाही.

गाथेची कथाही तेच सांगते. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, महाराज तेरा दिवस काठावर अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या वर आल्या, असे परंपरा सांगते. अनेकांनी याचा अर्थ असाही लावला आहे, की कागद बुडाले तरी अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून ते तरले. चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांनी ते लिहून ठेवले. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी संपादित केलेली दोन खंडांची छापील गाथा १८७३ मध्ये पूर्ण झाली. तोवर सव्वादोनशे वर्षे हे अभंग हस्तलिखित वह्यांतून आणि कंठांतून वाहत राहिले. पुस्तक कानातून आत येते आणि ओठांवर टिकते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. म्हणून डोळे थकले तर वाचन संपले, असे मानण्याचे कारण नाही.

मंडपात बसलेले वाचक

या पट्ट्यातल्या गावांत हरिनाम सप्ताह होतो, तेव्हा सकाळच्या पारायणाला एकदा अवश्य बसावे. ज्ञानेश्वरीच्या अठरा अध्यायांतल्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत वाचल्या जातात. व्यासपीठावरून चालक ध्वनिक्षेपकावर वाचतो आणि समोर ओळीने बसलेले वाचक आपापल्या पोथीतून त्याच्या लयीत वाचतात.

जरा निरखून पाहिले, तर या मंडपात सगळ्या तऱ्हेचे वाचक दिसतात. कोणी खणखणीत वाचतो. कोणाचे डोळे अर्ध्या तासात पाणावतात. तो चष्मा काढून नुसते ऐकतो आणि पुढच्या अध्यायाला पुन्हा सामील होतो. एखाद्या आजींची ओळ चुकते, तेव्हा शेजारची बाई न बोलता आपले बोट त्यांच्या पोथीवर योग्य जागी टेकवते. कोणाला अक्षरओळख बेताचीच असते. त्या आवाजामागून बोट सरकवत राहतात. येथे कोणी कोणाची परीक्षा घेत नाही. समोर लाकडी चौरंगावर पोथी असते, त्यामुळे थरथरत्या हातांना भार नाही. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबत ठरलेली.

आपण देव मानत असाल किंवा नसाल. वाचन परत आणण्यासाठी ज्या गोष्टी लागतात, त्या सगळ्या या मंडपात आहेत : पुढे चालणारा आवाज, मोठे अक्षर, टेकलेले पुस्तक, ओळखीचा मजकूर, ठरलेली वेळ आणि चुकल्यावर न रागावणारा शेजारी.

घरातला मंडप

हीच मांडणी घरात करता येते.

प्रथम उजेड. छताचा दिवा पुरत नाही. खांद्याच्या मागून थेट पानावर पडेल आणि डोळ्यांत येणार नाही असा वेगळा दिवा हवा. सकाळची वेळ आणि खिडकीजवळची खुर्ची सर्वांत उत्तम. चकचकीत कागदावर उजेड परावर्तित होतो, तो टाळावा.

मग अक्षर. मोठ्या टाइपातल्या पोथ्या आणि पुस्तके मागून घ्यावीत. टॅबलेटवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. वाचनासाठी स्वतंत्र चष्मा असला, तर मान वर-खाली करावी लागत नाही. ओळ चुकत असेल, तर खाली एक गडद पट्टी किंवा पोस्टकार्ड धरावे. पानाची डावी बाजू सुटत असेल, तर तेथे उभी लाल पट्टी ठेवावी आणि प्रत्येक ओळ त्या पट्टीपासून सुरू करण्याची सवय लावावी; याबाबत पुनर्वसनतज्ज्ञ अधिक मार्गदर्शन करतात.

मग मजकूर. नव्या जाडजूड कादंबरीने आरंभ करू नये. पूर्वी वाचलेले, अर्धे पाठ असलेले काहीतरी निवडावे : शाळेतली कविता, जुना धडा, आवडती कथा, हरिपाठ. ओळखीच्या मजकुरात पुढचा शब्द आधीच मनात तयार असतो. डोळ्यांवरचा भार निम्मा होतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत तर लहानपणी पाठ केलेले शब्द पुष्कळदा उशिरापर्यंत टिकून असतात.

आणि सर्वांत महत्त्वाचा, पुढचा आवाज. ‘बाबा, वाचत का नाही?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला, तरी तो ठपक्यासारखा लागतो. त्याऐवजी आपण शेजारी बसावे आणि वाचायला लागावे. एक परिच्छेद आपला, एक त्यांचा. त्यांची इच्छा नसेल तर दोन्ही आपलेच. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरे. थकवा येण्यापूर्वी थांबावे, आणि शक्य तर गोष्ट रंगात असताना थांबावे, म्हणजे उद्याची ओढ राहते. शब्द चुकला तर दुरुस्त करण्याची घाई करू नये. शेजारच्या बाईचे ते न बोलणारे बोट आठवावे.

घरात दुसरे माणूस नसेल, तर ध्वनिपुस्तक लावून समोर तेच छापील पुस्तक उघडून बसावे. आवाज पुढे, नजर मागे. दूर राहणाऱ्या नातवंडाने रोज ठरलेल्या वेळी फोनवर एक पान वाचले, तरी मंडप उभा राहतो. ज्यांना छापील अक्षर वाचताच येत नाही, अशांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. मन फार खचले असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे.

काळजी घेणाऱ्यांना आणखी एक विनंती. वाचन थांबले म्हणून घरातली पुस्तके रद्दीत घालू नका. कपाटातली ओळखीची पाठ रोज दिसत राहणे, हेही एक बोलावणेच असते. आणि काळजी घेता घेता आपलेही वाचन सुटले असेल, तर शेजारी बसून वाचलेली ती दहा मिनिटे आपल्यालाही लाभतील.

एक सकाळ काढून

शक्य झाले, तर वडीलधाऱ्यांना घेऊन एक सकाळ या वाटेवर जावे. तुकाराम बीज आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीचे पालखी प्रस्थान या दिवसांत अतोनात गर्दी असते. साधा, थंडीतला, आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. पाण्याची बाटली, वेळेच्या गोळ्या, दूरचा आणि जवळचा असे दोन्ही चष्मे बरोबर असावेत. चिखलीच्या जुन्या गावठाणात देवळाशी थोडे टेकावे. इंद्रायणी पाहावी, पण तिचे पाणी तोंडात घालू नये. सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या मैल्याने ती आज आजारी आहे.

तेथून तळवड्यावरून देहूला जावे. देहूच्या गाथा मंदिरात भिंतींवर चार हजारांहून अधिक अभंग कोरलेले आहेत. कित्येक महिने पुस्तक हाती न धरलेला माणूसही भिंतीवरचे अक्षर मात्र सहज वाचू लागतो. पुस्तक ‘मला संपव’ असे म्हणत असते. भिंत काही म्हणत नाही. एखादा पाठ असलेला अभंग दिसतो, ओठ हलू लागतात.

अशा वेळी आपण घाई करू नये. ते जेथे थांबतील तेथे थांबावे. त्यांचा आवाज अडखळला, तर पुढचा शब्द हलकेच म्हणावा आणि पुन्हा गप्प राहावे. चौदा टाळकऱ्यांचे काम यापेक्षा फार वेगळे नव्हते.